सामानापाशी कोण थांबणार?

वहिनी त्या डोंगराच्या पायथ्याशी इतकी वर्षं बसल्या होत्या की तिथल्या झाडानं त्यांच्याकडे भाडंच मागायला हवं होतं. दरवर्षी थंडी सरता सरता एका रविवारी नवरा आणि दोन दीर असे तिघे भाऊ डोंगराच्या टोकावर जायचे आणि वहिनी खाली सामानापाशी थांबायच्या. सासूबाई होत्या तोवर सासूबाईंच्या सोबतीला, त्या गेल्यावर पिशव्यांच्या सोबतीला. पूर्वी मंडळी बसनं यायची, तेव्हा एक वेळ ठीक होतं. पण पुढे घरात गाडी आली, गाडीबरोबर कुलूप आलं, तरी वहिनींची राखणदारी काही सुटली नाही. एखादी गोष्ट एकदा अंगवळणी पडली की पडली, मग कोण विचारतोय!

वरून उतरलेली मंडळी जेवताना वर्णन करायची. मधल्या दिराच्या तोंडाला तर खळ नसायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात त्याला गप्प बसवणारं कोणी नव्हतं. "काय सांगू वहिनी, स्वर्ग आहे स्वर्ग! एकीकडे तळं, दुसरीकडे दरी, आणि मधे आपण!" नवरा मान डोलवायचा आणि वर म्हणायचा, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते. चढ फार उभा आहे." वहिनी ऐकायच्या आणि वाढायच्या.

आता ह्या बोलण्यात काही दम होता का? वहिनी लॉन्ड्रीत इस्त्रीला होत्या. हॉटेलांच्या चादरी, शाळेचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, सगळं उभ्यानं. पुढ्यात टेबल, पाठीशी बॉयलर, आणि वाफेनं पापुद्रे सुटलेल्या भिंती. अख्ख्या दुकानात स्टूल एकच, आणि त्यावर मालकाचा रेडिओ बसायचा. अशी पाय रोवून उभी राहिलेली बाई, आणि तिला चढाची भीती कोण घालतंय, तर डेपोत दिवसभर खुर्चीत बसून पास देणारा तिचा नवरा! पण वहिनी उलटून बोलायच्या नाहीत. चादर दाबता दाबता ते तळं मात्र मनात यायचं. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी ते बघायचं होतं. त्यापुढे काही मागणं नव्हतं.

यंदा धाकट्या दिराचं लग्न झालं होतं. नवी जाऊ पहिल्यांदाच आली होती, पायात नवेकोरे बूट घालून. गाडीतून उतरताच तिची नजर टोकाकडे गेली. तेवढ्यात मधला म्हणाला, "यंदा वहिनींना सोबत आहे बरं का! आणि पुढच्या वर्षीपासून वहिनींना सुट्टी. सामानापाशी आता ही बसेल."

सगळे हसले. धाकटाही हसला. पोरीनं एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तीही हसली. वहिनी पहिल्या वर्षी अगदी अश्शाच हसल्या होत्या.

झालं, तिथंच वहिनींचं डोकं फिरलं.

"चावी द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कसली?"

"गाडीची. दुसरी कसली असणार?"

पिशव्या डिकीत कोंबल्या, डिकी दाणकन आपटली, कुलूप घातलं आणि पोरीचा हात धरला. "चल गं."

"अगं, पण सामान?" नवरा गोंधळला.

"सामानाला काय पाय फुटलेत? आणि एवढाच जीव अडकला असेल तर थांबा की तुम्ही!"

वहिनी पुढे आणि तिघे भाऊ मागे, हे दृश्य डोंगरानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. चढ उभा होताच, खोटं कशाला बोला. पायाखालची खडी सरकत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. पण बॉयलरपाशी उभं राहणाऱ्या बाईला घामाचं काय कौतुक! मागे मधल्याचा भाता फुसफुसत होता आणि त्याची बडबड मात्र कधी नव्हे ती बंद होती.

अर्ध्यावर एक सपाट जागा लागली. लोखंडी कठडा, दोन बाकडी, चहाची टपरी. मधल्यानं रुमाल अंथरला आणि बसकण मारली. "आलं बघा वहिनी टोक!"

वहिनी कठड्यापाशी गेल्या. खाली रस्ता दिसत होता, थोडी झाडं, आणि गाड्या लावायचं मैदान. "तळं कुठाय?"

"धुकं आहे ना," नवरा पुटपुटला. टळटळीत ऊन पडलं होतं.

टपरीवाला हसला. "तळं इथून कसं दिसणार, ताई? त्याला टोकावर जावं लागतं. ही काय वाट, माझ्या टपरीमागून."

"आणि ही मंडळी कधी गेलीत वर?"

"ही? ही माझी हक्काची गिऱ्हाइकं! दरवर्षी इथंच पत्ते कुटतात, चहा पितात नि उतरतात."

वहिनींना आधी हसू आलं, मग रडू, आणि मग असा संताप आला की कानशिलं तापली. "म्हणजे मी इतकी वर्षं ह्या टपरीसाठी झुरत होते?"

नवरा खाली मान घालून म्हणाला, "पहिल्या वर्षी दम लागला गं, म्हणून बसलो. खाली येऊन उगाच फुशारकी मारली. एकदा मारली, मग ती दरवर्षी मारत राहावी लागली."

"ते मारा हो खुशाल! पण मला काय ऐकवत होतात? तुझ्याच्यानं नाही व्हायचं? स्वतःच्यानं झालं नाही, ते माझ्या नावावर खपवलंत?"

"वर काही नाही हो वहिनी," मधला मधे पडला, "नुसते दगड आहेत."

"तुम्हाला काय ठाऊक, भाऊजी?" असं म्हणून त्यांनी वाट धरली. पोर त्यांच्यामागे निघाली. धाकटाही उठत होता, पण मधल्यानं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

पुढची वाट मात्र खरीखुरी वाईट होती. एका ठिकाणी तर वाटच नव्हती, नुसता कातळ आणि त्यावर साखळी. खाली बघितलं की सरळ दरी. वहिनींचे ते नावाजलेले पाय पुढे पडेनात. पोर कातळाला बिलगून उभी राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, "ताई, इथूनच परत जाऊ या ना. वर जाऊन आलो म्हणून सांगू. कोणाला कळणार आहे?"

वहिनी साखळी धरून थांबल्या. नवऱ्याचा त्यांना त्या क्षणी राग आला नाही, उलट त्याचं बसणं समजलं. मोह किती सोपा होता!

"परत जायचं असेल तर जा," त्या म्हणाल्या, "भीती वाटली म्हणून आले असं सांग, त्यात काही कमीपणा नाही. पण जाऊन आले असं सांगितलंस ना, तर पुढच्या वर्षी तुलाही तिथंच बसून चहा प्यावा लागेल. जन्मभर."

पोरीनं नाक पुसलं. "पाय कुठं ठेवू ते सांगा."

टोकावर वारा इतका होता की दोघींना एकमेकींना धरून उभं राहावं लागलं. तळं होतं. मधल्यानं थाप मारताना चुकून खरं सांगितलं होतं. फक्त त्यानं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठं, आणि त्याच्या पलीकडे आणखी डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे आणखी. वहिनी मोठ्यानं ओरडल्या. शब्द नव्हता, नुसता आवाज. मग पोरही ओरडली. दोघी घसा बसेपर्यंत ओरडत राहिल्या आणि मग खदखदून हसल्या.

उतरून टपरीपाशी आल्या तेव्हा तिघे उठून उभे राहिले. मधल्यानं लगबगीनं चहा मागवला. "वहिनी, कुणाकडे काही बोलू नका हं. सगळेच वर गेलो होतो म्हणू. काय बिघडतंय?"

"मी बोलणार," वहिनी चहा फुंकत म्हणाल्या. "जो विचारेल त्याला सांगणार. आम्ही दोघी गेलो आणि हे तिघे चहा पीत बसले."

मधल्याचा चेहरा उतरला. नवरा हळूच म्हणाला, "अगं, निदान माझं तरी..."

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार होता, माणूस वाईट नव्हता. "अजून ऊन आहे," त्या म्हणाल्या. "वाट ही समोर आहे. जाऊन या, मी थांबते इथं."

नवऱ्यानं वाटेकडे पाहिलं. टपरीमागे ती कातळात शिरत होती. त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की."

"बरं," वहिनी म्हणाल्या. रिकामा कप त्यांनी त्याच्या हातात दिला. "पण तेव्हा मी थांबायची नाही, सांगून ठेवते."

आणि पोरीला घेऊन त्या पुढे उतरायला लागल्या.