बारातला दगड

माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण एका विधानावर उभे होते: विधी म्हणून खेळल्या जाणाऱ्या युद्धात नेम धरला जात नाही. दगड फेकले जातात, रक्त निघते, पण कोणी कोणाला लक्ष्य करत नाही. हिंसा एका समूहाकडून दुसऱ्या समूहाकडे जाते आणि म्हणूनच ती आपोआप थांबते.

पदार्थविज्ञानातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी पुराणकथा आणि अद्भुत साहित्याकडे वळले, तेव्हा पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत माझी ओळख ‘राक्षसांवर पीएच.डी. करणारी’ अशी झाली. वडिलांना ती आवडत नसे. मला चालत असे, कारण माझा प्रश्न मला स्पष्ट होता. माणसाने कल्पनेत जितकी युद्धे रचली, तितक्यांत नियमही रचले: कोणावर शस्त्र उचलायचे नाही, शरीराच्या कोणत्या भागावर वार करायचा नाही, केव्हा थांबायचे. मी या कथांचे तक्ते केले होते. शस्त्र, अंतर, मनाई आणि शेवट, असे चार रकाने. या तक्त्यांना जिवंत निरीक्षणाचा आधार हवा होता. तो मला मावशीच्या गावी मिळाला.

सोनगीरच्या पुढे, महामार्गापासून आत, नदीच्या दोन काठांवर दोन गावे आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची बोळवण करायला दोन्ही गावांतल्या बायका नदीवर येतात. गौराईचे माहेर आपलेच, असा दोन्ही काठांचा दावा असतो. वैशाखात पात्रात वाळू आणि एक उथळ डोह एवढेच उरलेले असते. त्या वाळूच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून बायका आधी शिव्या देतात, मग दगड फेकतात. याला बार म्हणतात. त्या दिवशी पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात. बारात त्यांनी यायचे नसते. अंधारायच्या आत गौराई डोहात सोडली की दगड थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात एकमेकींना वाटेल तशी थट्टा करत भेटतात. बारात कोणाला लागले, तर दगड कोणाचा हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही.

समोरच्या काठाच्या पुढारी होत्या अक्का. वय पन्नाशीच्या अलीकडचे, आवाज करवतीसारखा. एरवी त्या दोन्ही गावांच्या आशा कार्यकर्त्या होत्या. बाळांची वजने करायच्या, गरोदर बायकांना तपासणीला न्यायच्या. बार संपला की त्याच कापूस आणि औषध घेऊन पात्रात उतरत आणि दोन्ही बाजूंच्या जखमा बांधत. पहिल्या वर्षी मी त्यांना याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फोडाले बी मीच, बांधाले बी मीच. दुसरी कोन शे आठे?” मी हे वाक्य कौतुकाने टिपून घेतले. त्यांना दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, हे माझ्या लक्षात आले नाही.

दोन वर्षे मी काठावर उभी राहून नोंदी केल्या. दगडांचे आकार, पडण्याच्या जागा, कोणाला कुठे लागले. जखमा जवळजवळ सगळ्या घोट्याखाली होत्या. मी त्याचा अर्थ असा लावला की दगड नेम न धरता खालच्या बाजूला फेकले जातात. तिसरे वर्ष शेवटचे होते. धुळ्याच्या एका महाविद्यालयात जागा निघणार होती आणि दिवाळीपूर्वी प्रबंध सादर झाला तर मी तिला पात्र ठरणार होते.

त्या दुपारी मावशीने ओटीत दगड भरता भरता मला बजावले, “तू लिखाले उनी ना, मंग काठवरच थांब. खाले उतरू नको.”

मी उतरले. मला अंतर मोजायचे होते.

मला वाळूत पाहताच अक्कांनी आपला रोख माझ्याकडे वळवला. “काय वं, पिंप्राळानी बाई. राक्षसेसनी डॉक्टरीन व्हयनी म्हने तू. आमनी बी नाडी देख.” दोन्ही काठ हसले. मावशीसुद्धा हसली. मी हसत वही उघडली. एक दगड येऊन माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. दुसरा त्याच्याही जवळ. उडालेला खडा नडगीला लागला, चांगलाच लागला, आणि मी एका पायावर नाचले. पुन्हा हशा.

“इतली शिकनी, अन् मोजस काय, तं धोंडा,” अक्का म्हणाल्या. “मायबापनी तुले शिकाडं, अन् तू आमना तमाशा देखाले उनी.”

बारातल्या शिव्या अंगाला लावून घ्यायच्या नसतात, असे मी स्वतःच दुसऱ्या प्रकरणात लिहिले होते. पण ही शिवी नव्हती. हेच वाक्य वडील जेवणाच्या ताटावर, वेगळ्या शब्दांत, पाच वर्षे बोलत आले होते. मी वही टाकली आणि दगड उचलला. प्रक्षेपणाची सूत्रे मी शिकवलेली आहेत. त्यांतले एकही त्या क्षणी आठवले नाही. मला फक्त त्यांचे तोंड दिसत होते. ते बंद करायचे होते. हात मागे गेला, दगड सुटला आणि सुटतानाच मला कळले की तो लागणार आहे.

तो डाव्या डोळ्यावर लागला. आवाज ओला आला. अक्का ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरले. बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी पातळ वाहू लागले.

बारात डोक्याला दगड लागत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होते. म्हणून पुढचे जे झाले ते बार नव्हते. पल्याडच्या बायका वाळू तुडवत आल्या. एकीने मावशीचा अंबाडा धरून तिला आडवी पाडली. दुसरी तिच्या मनगटावर उभी राहिली आणि हाड मोडल्याचे मी ऐकले. बांगड्यांच्या काचा हातांत घुसत होत्या. एका बाईने दुसरीच्या कानातले ओढले, तेव्हा पाळी फाटून तिच्या मुठीत आली. गौराईपुढे खेळायला आणलेल्या टिपऱ्यांचे घाव पाठींवर पडत होते. मग पारावरचे पुरुष काठ्या घेऊन उतरले आणि कोणाचे कोण याचा हिशेब सुटला. गौराईची टोपली पायांखाली चेंगरून गेली. मला दोघींनी धरले होते, माझ्या तोंडात वाळू होती, आणि माझ्यावर पडणारा प्रत्येक ठोसा मला योग्य वाटत होता. अक्का मात्र सगळ्यांच्या मध्ये तशाच बसून होत्या. त्यांची जखम बांधणारे तिथे कोणी नव्हते.

पोलीस आले. दोन्ही गावांनी एकच जबाब दिला: दगड कोणाचा ते माहीत नाही. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून मावशी मला म्हणाली, “बारना धोंडा कोनाच नई ऱ्हास. चूप बस.”

मार्गदर्शकांनीही, वेगळ्या भाषेत, हेच सांगितले. मी त्यांच्यापासून काही लपवले नव्हते. ते पेनाचे टोपण फिरवत म्हणाले, “निरीक्षक स्वतःच सहभागी झाला, तर ते निरीक्षण बाद. हे तुला विज्ञानवालीला मी सांगायचं? दोन वर्षांची माहिती पुरेशी आहे. तिसरं वर्ष गाळ.”

युक्तिवाद निर्दोष होता. मी तो स्वतः शोधून काढला असता. तो मान्य केला असता तर विधान टिकत होते, प्रबंध वेळेत जात होता आणि दगड कोणाचाच राहत नव्हता.

चौथ्या दिवशी मी धुळ्याच्या रुग्णालयात गेले. अक्कांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. डोळा काढावा लागला होता. मी खाटेजवळ उभी राहिले आणि तयार केलेले वाक्य बोलले. “अक्का, तो दगड माझा होता. मी नेम धरला होता.”

“माले माहीत शे,” त्या म्हणाल्या. “मना डोया फुटना, पन त्यान्या पहिले त्याच डोयानी तुले देखं.”

त्यांनी पाणी मागितले, मी पेला धरला. दोन घोट घेऊन त्यांनी विचारले, “तुले काय वाटनं, आम्ही नेम धरत नई?”

“मी तसंच लिहिलंय.”

त्या हसल्या, पट्टी ताणली गेली आणि हसू तिथेच थांबले. “वीस वरीस तुनी मावशीना पाय वाचाडात मी. बिगर नेमना वाचतीन का? बठ्ठ्याच नेम धरतस. पायपाइन एक वीत.” त्यांनी बोटे पसरून ती वीत चादरीवर दाखवली. “तुले नेम धरता येस. चुकाडता येत नई.”

म्हणजे माझा दगड अपवाद नव्हता. माझे विधानच उलटे होते: सगळ्याच नेम धरत होत्या, पायापासून वीतभर दूर. त्या घोट्याखालच्या जखमा म्हणजे वीतभर हुकलेले अंदाज होते. न झालेल्या जखमा हे खरे मोजमाप होते, आणि त्यांचा रकाना मी केलाच नव्हता. माझ्या पायाजवळ पडलेले ते दोन दगड अक्कांनी मला किती काळजीपूर्वक मारले होते, हे मला त्या खाटेजवळ समजले.

“पोलिसांकडे जाते,” मी म्हणाले.

“कसाले? आज तू जाशी, सकाय दोन्ही गाव कोर्टमा जातीन. मनी शपथ शे, जाऊ नको.” मग डोके उशीवर टेकवून म्हणाल्या, “पुस्तकमा लिख. मनं नाव नको. तुनं लिख.”

मी पोलिसांकडे गेले नाही. तो निर्णय मला आजही पुरता पटलेला नाही. प्रबंधाचे तिसरे प्रकरण मात्र पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिले, आणि दगड कोणी, कोणत्या अंतरावरून, कशासाठी फेकला हे प्रथमपुरुषी लिहिले. मार्गदर्शकांनी मसुद्यावर सही करण्यापूर्वी दोनदा विचारले, “हे छापलं जाईल, कळतंय ना?” पदवी उशिरा मिळाली. धुळ्याची जागा तोवर भरली गेली होती. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी वर न पाहता विचारले, “त्या बाई आता काय करतात?” मी म्हणाले, बाळांची वजने करतात, काट्याजवळ डोके नेऊन वाचावे लागते.

पुढच्या आखाजीला बार होणार नाही, असे सगळ्यांनी धरले होते. तरी बायका आल्या. मी काठावर उभी राहिले. शिव्या झाल्या, माझ्या वाट्याच्या यंदा कोणी दिल्या नाहीत. मग अक्कांनी दगड उचलला. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतल्या किंचित फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. एका डोळ्याला तो फरक मिळत नाही. त्यांनी मावशीचे पाय बराच वेळ पाहिले आणि दगड फेकला. तो पात्राच्या मध्यावर, मावशीच्या कितीतरी आधीच पडला. दोन्ही काठांवर कोणी हसले नाही. अक्कांनी दुसरा उचलून पाहिला आणि खाली टाकला.

तेव्हा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने एक दगड भिरकावला. तो मावशीच्या कानाजवळून गेला. अक्का वळल्या आणि त्यांनी तिच्या मुस्काटात अशी मारली की तिचा पदर खांद्यावरून घसरला. ती गाल धरून उभी राहिली. अक्कांनी वाकून, चाचपून एक गुळगुळीत दगड शोधला आणि तिच्या हातात दिला.

“पाय देख,” त्या म्हणाल्या. “आते मार.”

इकडे मावशी, मोडून जुळलेला हात कमरेवर ठेवून, पाय न हलवता थांबली.