ट्रॉलीतली दुसरी स्कूटर

माझे भाऊजी गावोगाव फिरून शिलाई मशीनं दुरुस्त करतात. लोक त्यांना 'मशीनवाले' म्हणतात आणि माझ्या ताईला 'मशीनवाल्या बाई'. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दोघांनी माल वाहायची एक जुनी गाडी घेतली, आत पलंग, शेगडी, कपाट ठोकून तिची कॅम्पर व्हॅन केली. तेव्हापासून वर्षातले निम्मे दिवस त्यांचा संसार चाकांवर. मला विचाराल तर हा संसार नव्हे, जन्मठेप. पण मला विचारतं कोण!

व्हॅन गल्लीबोळात शिरत नाही. म्हणून तिच्यामागे एक छोटी ट्रॉली जोडलेली आणि ट्रॉलीत दोन स्कूटर. गावाबाहेर मोकळ्या जागेत व्हॅन लावायची, स्कूटर उतरवायच्या, एका अंगाला भाऊजींनी जायचं, दुसऱ्या अंगाला ताईनं. भाऊजी मशीन उघडून बसायचे. ताई घरोघरी सुया, बॉबिन, पट्टे पोचवायची आणि कुणाचं मशीन कुरकुरतंय ते हेरून यायची. गाव संपलं की फळी लावून स्कूटर पुन्हा वर. एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मागून रेटायचं, मग पट्ट्यांनी आवळून बांधायचं. लांबून बघणाऱ्याला हे फार सोपं वाटतं.

यंदा मीही त्यांच्याबरोबर गेले, कारण ताईचं मनगट. मागच्या फेरीत एका वळणावर ती स्कूटरसकट पडली, हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडंच. डॉक्टरांनी स्कूटर कायमची बंद केली. मी आपली स्वयंपाकपाण्याला हाताशी. निघताना बघते तर ट्रॉलीत दोन स्कूटर!

"भाऊजी, ही दुसरी कुणासाठी? मला येत नाही आणि ताईला चालवायची नाही."

"असू दे गं. लागली तर."

"लागली तर काय, कपडे वाळत घालायचे तिच्यावर?"

ते हसले. मेव्हणीच्या बोलण्यावर हसायचं आणि करायचं ते स्वतःच्याच मनाचं, हा त्यांचा जुना खाक्या.

प्रत्येक गावात दोन्ही स्कूटर खाली. ताईची पुसायची, चालू करून थोडा वेळ घुरघुरत ठेवायची, का तर म्हणे बॅटरी उतरते. निघताना दोन्ही परत वर. आता ताईच्या जागी हँडल धरायला मी, म्हणजे आनंदच. भाऊजींची कंबर काही तरुण राहिलेली नाही. चढवून झालं की ते कंबर धरून फळीवरच बसायचे. ताई खिडकीतून बघायची आणि मान फिरवायची. माझा तर जीव मेटाकुटीला आला होता. आणि राग यायचा तो वेगळाच. बायकोच्या जखमेवर मीठ चोळायचं, तेही रोज फडक्यानं पुसून?

एका सकाळी फळी दवानं ओली होती. ताईची स्कूटर अर्ध्यावर गेली आणि मागं घसरली. माझ्या हातून हँडल सुटलं, भाऊजी खाली बसले ते बसलेच. लागलं फारसं नव्हतं, पण उठता येईना. ताई अनवाणी धावत आली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "विकून टाका ती."

"नाही विकायची."

"का पण?"

भाऊजी मातीकडे बघत म्हणाले, "ती गेली की तू म्हणणार, मी येऊन काय करू? मग घरीच राहशील. ती वर आहे तोवर तू गाडीत बसतेस."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. आता ताई म्हणणार, 'वेडे का हो तुम्ही, मी काय स्कूटरसाठी येते?' तिनं तसं म्हणावं म्हणून मीच उतावीळ झाले होते. पण ताई फळीच्या कडेला टेकली.

"अहो, मी दमलेय," ती म्हणाली. "मनगटाचं नाही म्हणत मी. त्याच्या कितीतरी आधीपासून. तुम्ही एवढा जीव काढून ती वर चढवता, मग माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही, म्हणून बसते. मला एका जागी झोपायचंय आता. आपल्या घरात."

"आणि मी?"

"तुम्हाला घरी करमायचं नाही. तुम्ही फिरा. मी आहेच तिथं."

 भाऊजी माझ्या हाताला धरून उठले, आम्ही स्कूटर चढवली आणि माघारी वळलो. वाटेत मी दोनदा काहीतरी गमतीचं बोलून पाहिलं, कुणी हसलं नाही.

घरी ताईची स्कूटर भिंतीशी लावली. काही दिवस भाऊजी राहिले, ताईच्या हाताशी मीही. न गळणारे नळ आवळले, चांगली चाललेली घड्याळं उघडली. मग गावांहून निरोप यायला लागले, मशीनं अडून पडलीत म्हणून, आणि एका सकाळी ते निघाले. मी डबा द्यायला बाहेर आले. त्यांनी आपली स्कूटर ट्रॉलीत चढवली होती आणि पट्टा हातात धरून नुसतेच उभे होते. मला वाटलं, कंबर धरली. जवळ गेले, तर हळू आवाजात मला म्हणाले,

"एकच असली की कुठं बांधतात गं?"

उभा जन्म स्कूटर बांधण्यात गेला आणि हा माणूस मला विचारतोय!  ताई दारात होती. तिनं ऐकलं.

"मधोमध," ती तिथूनच म्हणाली. "पुढचं चाक गाडीकडे. आणि दोन्हीकडून सारखं ताणा."

त्यांनी तसं बांधलं. ताईनं पट्ट्यांवरून नजर फिरवली.

"डावीकडचा सैल आहे."

त्यांनी तो आवळला, हलवून बघितला आणि गाडीत जाऊन बसले. रडू आलं ते मला.