सर्वसहमतीनं काढलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्यासारख्या संघटनेच्या ऑफिसात ग्राफिक्स कार्ड कशाला हवं, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. पोंभुर्ण्यातली भाड्याची एक खोली, भिंतीवर वनहक्काची पोस्टरं, कोपऱ्यात पत्रकांचे गठ्ठे, आणि मधोमध काचेच्या पोटातून लाल-निळे दिवे लुकलुकवणारा सीपीयू. भद्रावतीच्या एका पोराला त्यावर गेम खेळून कंटाळा आला, त्यानं तो विकायला काढला, आणि आमच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या भाऊंनी तो एसटीत मांडीवर घेऊन आणला. हे भाऊ म्हणजे संघटनेतले एकमेव कार्यकर्ते ज्यांना घोषणा पाठ नाहीत. मोर्चात ते मागं चालतात आणि रस्त्याचा उतार कुठं वळतो ते बघतात.

"उपग्रहाचे फोटो उघडाले कार्ड लागते," ते म्हणाले.

"कंपन्यांच्या विरोधात पत्रकं काढणाऱ्या ऑफिसात डिस्कोचे दिवे?" मी म्हटलं.

ते दिवे बंद करता येतात, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. माझा अंदाज असा की ते त्यांना आवडायचे.

त्या उन्हाळ्यात एका गावाच्या सामूहिक वनहक्काचा नकाशा त्या मशीनवर तयार होत होता. सोमवारी दावा उपविभागाच्या समितीपुढं जायचा होता. नकाशा लागला नाही, किंवा शेजारच्या गावानं हद्दीवर हरकत घेतली, तर दावा पुढच्या बैठकीवर. पुढची बैठक कधी, हे समितीच्या साहेबांनाही माहीत नसतं. तोवर गावाच्या जंगलातला बांबू वनखातं तोडून नेणार आणि गाव बघत बसणार. म्हणून शुक्रवारी गावच्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष बाई स्वतः गावातल्या दोघांना घेऊन नकाशा न्यायला आल्या.

भाऊंनी नकाशा उघडला आणि हिरव्या जंगलावर जांभळे चौकोन उमटले.

बाई पुढं वाकल्या. "हे काय होय? लीज देली काय कोनाले?"

आमच्या भागात जंगलाच्या नकाशावर सरळ रेषेचा रंगीत चौकोन दिसला की माणसाच्या मनात खाणीच्या लीजशिवाय दुसरं काही येतच नाही. माझ्या डोक्यात तर पत्रकाचा मथळाही तयार झाला. पण तेवढ्यात चौकोन थरथरत खाली सरकले आणि कोपऱ्यातल्या घड्याळावर जाऊन बसले. वेळेवरसुद्धा लीज मागणारी कंपनी अजून निघालेली नाही, तेव्हा हे मशीनचंच दुखणं.

"कार्ड गेलं," मी म्हटलं. आनंद लपवायचा मी फारसा प्रयत्न केला नाही.

"केबल असन," भाऊ म्हणाले.

इथं आमची रीत सांगायला हवी. गावोगाव आम्ही सांगत फिरतो की ग्रामसभेत हात वर करून मोजणी करू नका. मोजणीत हरलेला घरी जाऊन रुसतो आणि पुढच्या सभेला येत नाही. एक माणूस जरी 'नाही' म्हणाला तरी थांबा, त्याची शंका तपासा, सगळ्यांचं जमेल तेव्हाच ठरवा. सर्वसहमती. हे पत्रक मीच लिहिलं आहे, ठळक अक्षरांत. दुसऱ्याच्या गावासाठी ते लिहायला काहीच जड जात नाही. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढं सरसावले, तर बाईंनी मला खुर्ची दाखवली.

"बस ना पोरी. तुमीच शिकवलं आमाले. ज्याचा ज्याच्यावर संशय हाय त्यानं सांगाचा, अन् पाहून घ्याचा. एकाचाही राह्यला तं उठाचं नाई."

"बाई, ते गावासाठी आहे."

"मंग हे काय शहर होय?"

झालं. पंखा फुल करून आम्ही खाली बसलो आणि कॉम्प्युटरची ग्रामसभा भरली.

भाऊंचा संशय केबलवर. केबल बदलली, चौकोन तसेच. गावातल्या एकाचं म्हणणं, पडदाच खराब असेल. माझा लॅपटॉप त्याच पडद्याला जोडून पाहिला, चित्र स्वच्छ. दुसऱ्याचा संशय विजेवर, कारण त्याच्या मते आपल्याकडची वीज कधीच निर्दोष नसते. इन्व्हर्टरवर चालवून पाहिलं. वीज निर्दोष निघाली, त्याला थोडं वाईट वाटलं. मी स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या फोनवर घेतला. फोनवरही चौकोन होते, म्हणजे बिघाड पडद्याच्याही आधी, डब्याच्या आत होता. मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घेतला. जुना ड्रायव्हर टाकला. पहिल्यांदा सगळं ठीक दिसलं आणि भाऊ असे बसले की जणू निवडणूक जिंकले. नकाशा मोठा करताच चौकोन परत.

डबा उघडला. कार्डाचा पंखा धुळीनं गच्च भरला होता. पंपानं धूळ उडवली, सगळ्यांनी शिंका दिल्या, आणि चौकोन जागेवर.

आता राहिलं एकच. हे कार्ड काढायचं आणि पडद्याची केबल थेट मदरबोर्डाला लावायची. तिथंही चित्र दाखवायची एक साधी सोय असते, दिव्यांशिवायची. चौकोन गेले तर कळेल. बाई हो म्हणाल्या, गावातले दोघं हो म्हणाले, मी तर सकाळपासून हो म्हणत होते.

"माझी सहमती नाई," भाऊ म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर बाईंनी हातानंच थांबवलं.

"काऊन गा भाऊ?"

"काढलं अन् चौकोन गेले, तं हे पोरगी म्हनन का कार्डच दोषी. पन तसं सिद्ध होत नाई. एसएमपीएस कमजोर असन, तं त्याले कार्डाचा भार झेपत नसन. पोट भरत नाई म्हनून मानूस चुकते, तं मानसाले दोषी म्हनता काय?"

एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. युक्तिवाद बरोबर होता, हे मला त्या क्षणी अजिबात आवडलं नाही. उपाशी माणसाची बाजू घेणं हे एरवी माझं काम आहे.

बाईंनी थोडा विचार केला. "बायको दोन दिस माहेरी गेली तं सोडचिट्ठी झाली काय?"

"नाई."

"मंग पाठव तिले माहेरी. दोष कोनाचा ते मंग पाहू. आमचा नकाशा निघू दे."

भाऊंनी स्वतःच्या हातानं कार्ड काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कपाटात माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सर्वसहमती झाली.

चौकोन गेले. पण कार्डाविना मशीनची चाल बैलगाडीची झाली. जो नकाशा आधी पापणी लवायच्या आत उघडायचा, तो आता तुकड्या-तुकड्यानं उमटू लागला. आधी तळं, मग नाला, मग काही वेळानं डोंगराची कड. मला चीड येत होती. बाई मात्र मांडी घालून निवांत बघत होत्या आणि प्रत्येक तुकडा आला की त्याचं नाव घेत होत्या. गावाची हद्द जशी पायी चालून मोजली होती तशीच ती रेषा हळूहळू पुढं सरकत होती.

नाल्यापलीकडं रेषा अचानक बाहेर गेली, फुगली आणि वळसा घेऊन परत आली.

"इथी काय होय?" भाऊंनी विचारलं. "इथी तं हद्द सरळ हाय."

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. गावातले दोघं छताकडे बघू लागले.

मग आठवलं. हद्द चाललो त्या दिवशी ऊन भयंकर होतं, आणि नाल्यापलीकडं शेजारच्या गावाच्या हद्दीत तेंदूच्या झाडावर टेंभरं पिकून पिवळी झाली होती. "चार खाऊ अन् येऊ," असं बाई म्हणाल्या आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं गेलो. जीपीएस भाऊंच्या गळ्यात होतं आणि त्यांनी ते बंद केलं नव्हतं. यंत्रानं इमानदारीनं आमची खादाडी नोंदवली आणि शेजाऱ्यांचा तेवढा तुकडा आमच्या दाव्यात घातला. झपाट्यानं उघडणाऱ्या नकाशात इतके दिवस तो कुणालाच दिसला नव्हता, मलाही नाही. आणि वर तोंड करून मी गावोगाव सांगत होते की जमीन बळकावणं कसं गुपचूप चालतं.

"चार म्हणाल्या होत्या तुम्ही," मी बाईंना म्हटलं.

"तूनं किती खाल्ली ते सांगू काय?"

फुगवटा काढायचा, यावर सहमती व्हायला अजिबात वेळ लागला नाही. नकाशा छापून होईस्तोवर संध्याकाळ झाली. कार्ड दोषी की एसएमपीएस, याचा निकाल अजून लागलेला नाही. चंद्रपूरहून कुणाचा तरी चांगला एसएमपीएस उसना आणून पाहायचं ठरलं आहे. माझं मत बदललेलं नाही आणि भाऊंचंही नाही.

सोमवारी समितीपुढं शेजारच्या गावचा माणूस पांढरा सदरा घालून तयारीनं आला होता. त्यानं नकाशा टेबलावर पसरला आणि नाल्यापलीकडं बोट ठेवलं, बरोबर त्याच जागी. त्याच्या गावातल्या कुणीतरी आम्हाला त्या झाडाखाली पाहिलं होतं, हे उघड होतं. बोट रेषेवरून पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"काय शोधून राह्यले तुमी?" बाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"काई नाई. हद्द पाहून राह्यलो."

"काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

त्यानं आणखी एकदा बोट फिरवलं. वाटेत कुणीतरी हातातलं भांडण काढून घ्यावं तसा चेहरा झाला होता त्याचा. "नाई," तो म्हणाला. मग, आलेला दिवस अगदीच फुकट जाऊ नये म्हणून असेल, "पन पुढच्या बारी हद्द चालाची असन तं आमाले बलवाचं. दोन्ही गावानं संगं चालाचं."

"बलवू," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सही केली आणि नकाशा दाव्याला जोडायला दिला.