धाकूकाकांना वाचून दाखवलेली बातमी

वर्तमानपत्रातली कोणाच्या मृत्यूची बातमी मी वाचून दाखवली की धाकूकाका डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. माणूस कोण, कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. त्रेपन्न साली रशियाचा सर्वसत्ताधीश गेला तेव्हा त्यांनी टोपी काढली. त्यानंतर चार दिवसांनी कुठल्याशा गावात विहीर खणताना गाडल्या गेलेल्या दोन मजुरांसाठीही काढली. ती तेवढाच वेळ मांडीवर राहिली.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मॅट्रिक होऊन मुंबईच्या नोकरीची वाट बघत मालवणातलं एक लहानसं वाचनालय सांभाळत होतो. काका जहाजावरचे जुने खलाशी. महायुद्ध संपल्यावर घरी आले ते पुन्हा बोटीवर चढले नाहीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऊन उतरलं की आंघोळ करून, गळ्यापर्यंत बटणं लावलेला धुवट सदरा घालून ते वाचनालयाच्या पडवीत येऊन बसत आणि म्हणत, "वाच रे बाबा, जगात काय झाला ता."

जगात त्या वर्षी पुष्कळ काही होत होतं. एव्हरेस्टवर माणूस पोचला. मी ती बातमी छाती फुगवून वाचली. काका म्हणाले, "चढले ता बरा झाला. पण खाली उतारले मा?" विलायतेत राणीला राज्याभिषेक झाला, मिरवणूक पावसातच निघाली. "बघूक गेलेली माणसां भिजली आसतली. घराक कशी गेली?" कोरियातली लढाई थांबल्याची बातमी पावसाळ्यामुळे फोंडाघाट उतरून उशिराच आमच्यापर्यंत आली. तिच्यावरही त्यांचं तेच. "थांबली ती बरीच झाली. पण माणसां घराक पोचली काय?"

या प्रश्नामागे त्यांचा धाकटा भाऊ होता. बाबली त्याचं नाव. काकांनीच त्याला खटपट करून बोटीवर लावलं होतं. लढाईच्या धामधुमीत त्याची बोट सिंगापूरच्या बाजूला गेली आणि पुढे तिचं काहीच कळलं नाही. कंपनीचं एक पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. काका म्हणत, "बेपत्ता म्हणजे मेलो नाय. पत्तो गावूक नाय, इतक्याच." म्हणून रोज शेवटी ते विचारत, "खलाशांचा काय आसा?" आणि मी म्हणे, "काही नाही, काका."

मला या प्रश्नाचा कंटाळा येऊ लागला होता. पडवीत माझे दोन मित्रही बसत. कुडाळला तंबूत सिनेमा पाहून आल्यापासून दोघे नायकासारखी कपाळावर बट सोडत. हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेली गाणी गुणगुणत. काकांनी प्रश्न विचारला की एकमेकांना कोपरानं ढोसत. त्यांच्यासमोर मला हुशार दिसायचं होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. कोरियातल्या युद्धकैद्यांवर देखरेख ठेवायला आपले सैनिक गेल्याची बातमी मी वाचत होतो. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी कागदावरची नजर न हलवता वाचल्यासारखं म्हटलं, "या कैद्यांत काही हिंदी खलाशीही सापडले असून, त्यांतले दोघे मालवणकडील आहेत. त्यांना मुंबईस आणण्यात आले आहे."

मित्र तोंड फिरवून हसले. काका हसले नाहीत. ते उठले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "ह्यो कागद माका दी."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी घडी घालून पेपर त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. पारूकाकींनी सकाळीच खटखटे लाडू बांधून दिले होते, बाबलीसाठी कोरं धोतरही. काका बंदरावर गेले होते. मी धावत पोचलो तर मुंबईची आगबोट बाहेर उभी होती आणि तिच्याकडे निघालेल्या पडावात काका बोचकं पोटाशी धरून बसले होते. पडाव फार लांब गेला नव्हता. हाक ऐकू गेली असती. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. मीही हात हलवला.

ते बारा दिवसांनी परतले. त्याच धुवट सदऱ्यात पडवीत येऊन बसले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "तो नव्हतो. दुसरे कोणाचे तरी आसतले." मग थोड्या वेळानं, "तेंच्या घरची माणसां तरी खूश झाली आसतली. वाच आता."

त्या दिवसापासून मी त्यांना अक्षरन् अक्षर खरं वाचून दाखवलं. वर्षअखेरीस आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात 'सरत्या वर्षातील जग' असा माझा लेख आला आणि त्याचं कौतुक झालं. त्यात एव्हरेस्ट होतं, कोरिया होता, सिनेमातली नवी गाणीसुद्धा होती. आणखी दोन वर्षं मी रोज वाचत राहिलो. मग मला नोकरी लागली. काका बंदरापर्यंत पोचवायला आले. तिथंही मी बोललो नाही.

बासष्ट साली ते गेल्याचं कळलं. रजा काढून पारूकाकींना भेटायला गेलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मुंबयत कंपनीच्या हापिसातल्या कारकुनान तो पेपर वाचल्यान आणि सांगल्यान, म्हाताऱ्या, ह्यात असला कायच नाय, तुका कोणीतरी फसयल्यान."

मी विचारलं, "म्हणजे काकांना ठाऊक होतं?"

"मुंबयसून इले त्या दिसापासून. माका म्हणाले, खंय बोला नको. पोराक कळला तर तो लाजान माका तोंड दाखवचो नाय. मगे माका वाचून कोण दाखवतलो?"

मी खाली बसलो. काकींचे पाय धरून म्हटलं, "काकी, माझं चुकलं. मला क्षमा करा."

त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही.

"माका कित्याक सांगतस, बाबा?" त्या म्हणाल्या. "तेंका सांगूक होया होता."

माझ्याकडे नऊ वर्षं होती.