‘समजा’ नसलेली वही

दहावी ब च्या मंगळवारच्या तिसऱ्या तासाला गावडे सर एकाच वेळी दोन वर्गांत शिकवत होते. अर्थात कागदावर. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, आणि मी स्टाफरूमच्या टेबलावर पसरलेल्या तक्त्यावरची एक मरून टिकली नखानं सोडवत बसले होते.

टिकली म्हणजे कपाळावर लावायची तीच. मी घोडेगावच्या रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि पर्यवेक्षिका आहे. मुख्याध्यापकांना जी कामं करायची नसतात ती करणाऱ्या बाईला पर्यवेक्षिका म्हणतात. वेळापत्रक हे त्यातलं मुख्य काम. एका ड्रॉइंग शीटवर सगळे वर्ग आणि सगळे वार आखायचे. प्रत्येक शिक्षकाला एका रंगाची टिकली. गावडे सरांना मरून, कारण पहिल्या वर्षी पाकिटात मरून टिकल्या जास्त निघाल्या आणि गणिताचे तासही जास्त असतात. उभं पाहिलं आणि एकाच तासाला एकाच रंगाच्या दोन टिकल्या दिसल्या, की टक्कर झाली. मग एक उचलायची, दुसरीकडे चिकटवायची, तिथं तिसरीच टक्कर. बाई, आता याचं अ‍ॅप येतं, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. मी ऐकून घेते आणि मंचरच्या बाजारातून टिकल्या आणते.

अकरा वर्षं वेळापत्रक मीच करत आले होते आणि मला त्याचा गर्व होता. शाळा उघडते त्या दिवशी बाकीच्या शाळांत ‘तात्पुरतं वेळापत्रक’ चालतं, ते महिनाभर तात्पुरतंच राहतं. आमच्याकडे पहिल्या घंटेला कायमचं वेळापत्रक भिंतीवर असतं. गेल्या वर्षीही होतं. मग ते मी का खरवडत बसले होते, ते सांगते.

शाळा उघडली त्या दिवशी मी नेहमीसारखी फाटकात उभी होते. पावणेअकराला घंटा, अकराला पहिला तास. अकरा वाजून वीस मिनिटांनी डोंगराकडची मुलं आली. वरच्या गावांना संध्याकाळी जाऊन रात्री तिथंच थांबणारी आणि सकाळी परत येणारी जी मुक्कामी गाडी असते, तिची मुलं. एकट्या दहावी ब मध्ये सतरा. उशिरा येणाऱ्यांना पाच मिनिटं रांगेत उभं करायची पद्धतही माझीच. उभं केलं.

“पहिल्याच दिवशी उशीर?” मी म्हटलं.

“गाडी, बाई,” पुढची मुलगी म्हणाली. तिचं नाव काजल.

“गाडी साडेदहाची आहे.”

“व्हय, बाई. पाटीवर हाय ना साडेधाची.”

ती उलट बोलत नव्हती, माहिती देत होती. पण मला ते तेव्हा कळलं नाही. मी आणखी दोन मिनिटं उभं केलं.

दुसऱ्या दिवशी गावडे सर ट्रेनिंगला गेले. शिक्षक नसला की दुसऱ्यानं जाऊन वर्ग सांभाळायचा, त्याला बदली तास म्हणतात. पर्यवेक्षिकेच्या नशिबी असे तास फार. त्या दिवशी दहावी ब ला सरांचा जादा तास दुपारचा होता, म्हणून सगळी मुलं हजर होती. मला गणितातलं काही येत नाही. म्हणून मी आपलं म्हटलं, उजळणीसाठी आणलेल्या नववीच्या वह्या काढा, अक्षर बघते.

काजलची वही हातात आली. अक्षर इतकं सुरेख की मी दोन पानं नुसतं अक्षरच पाहिलं. मग मला काहीतरी खटकलं. प्रत्येक उदाहरण ‘म्हणून’ या शब्दानं सुरू होत होतं. ‘म्हणून 4y = 48. म्हणून y = 12.’ पुढचं उदाहरण, पुन्हा ‘म्हणून’. मी मराठीची बाई. ‘म्हणून’ एकटं येत नाही, त्याच्या आधी कारण लागतं, हे मी पाचवीपासून घोकून घेते. इथं सबंध वहीत कारण नव्हतं. भूमिती उघडली. तिथं सिद्धतेच्या आधी काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय ते लिहायचं असतं, पक्ष आणि साध्य. तेही नाही. एकदम शेवटच्या चार ओळी.

“वरचं कुठंय?” मी आवाज चढवला. “आळस केलास लिहायला?”

काजल उभी राहिली. “वरचं आमाला दिसत नाय, बाई. आमी येईस्तवर सर वरून डस्टर फिरवत्यात. खाली जेवढं ऱ्हातं तेवढं उतरवतो.”

मी शेजारणीची वही मागितली. मग तिच्या मागच्या मुलाची. गाडीनं येणाऱ्या सतराच्या सतरा वह्या पाहिल्या. सगळ्या ‘म्हणून’पासून सुरू. गावातल्या एका मुलाची वही घेतली. त्यात प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर ‘समजा’ होतं. समजा, मुलाचे आजचे वय x वर्षे. डोंगरातल्या एकाही वहीत ‘समजा’ हा शब्द नव्हता.

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय, की डोंगरातल्या पोरांना गणित जमत नाही. मीही म्हटलंय, चहा पिता पिता. पहिला तास गणिताचा ही शाळेची जुनी रीत. मी ती अकरा वर्षं नवीन टिकल्या लावून जपली होती. मला त्या वर्गात खरोखर लाज वाटली.

“तुला पुढं काय करायचंय?” मी काजलला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“पॉलिटेक्निक.” मग हळूच म्हणाली, “दादाला बी जायचं व्हतं. त्यो गणितातच गेला. आता नारायणगावला टोमॅटोच्या गाळ्यावर हाय.”

दादा म्हणजे विशाल. तीन वर्षांपूर्वी आमच्याच दहावी ब चा. त्याच्या वर्षीची टिकली कुठं होती, हे मला आठवायची गरज नव्हती.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टँडवर गेले. एसटीचे कंट्रोलर ओळखीचे. त्यांना म्हटलं, भाऊ, सकाळची गाडी अर्धा तास आधी सोडता येईल का?

“आदी सोडली तर खालच्या वाड्यांची माणसं ऱ्हात्यात, बाई,” ते म्हणाले. “आन गाडी वेळेवरच निघती हो. घाटात समोरून डंपर आला की मागं घ्यावी लागती. गाडीला टाइम हाय, रस्त्याला नाय.”

त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी मुख्याध्यापकांकडे गेले.

“सर, शाळा वीस मिनिटं उशिरा भरवली तर?”

“मग वीस मिनिटं उशिरा सुटेल. संध्याकाळी वर जाणारी हीच गाडी चुकेल. मुलं काय चालत जाणार?”

“मग गणित पहिल्या तासाला नको.”

सर हसले. “वेळापत्रक तुमचं, थोरात बाई. गावडे सरांना मात्र तुम्हीच सांगा.”

गावडे सर वाईट शिक्षक नाहीत, हे आधीच सांगते. ते मंचरहून मोटरसायकलवर येतात आणि सव्वीस वर्षांत एकदाही घंटेनंतर आलेले नाहीत. अडचण तीच होती. ज्याला कधी उशीर होत नाही, त्याला उशीर म्हणजे निष्काळजीपणाच वाटतो. मलाही वाटत होताच की.

“बाई, पहिला तास गणिताचाच असतो,” ते म्हणाले. “सकाळी डोकं ताजं असतं.”

“कुणाचं?”

“मुलांचं.”

“वर्गात असलेल्या मुलांचं. बाकीची तेव्हा घाटात डंपरपुढं असतात.”

“मग लवकर उठावं.”

“साडेपाचला उठतात, सर. गाडी एकच आहे.”

सरांना पटलेलं नव्हतं. मी काजलची वही त्यांच्यापुढं ठेवली आणि समोर बसून राहिले. त्यांनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग खिशातून पेन काढून वहीवर धरलं आणि थांबले.

“हे माझंच उदाहरण आहे,” ते म्हणाले. “बापलेकाच्या वयाचं. पण याच्या वर तीन ओळी होत्या.”

“होत्या ना. अकरा ते अकरा वीस.”

त्यांनी आणखी एक पान उलटलं. “अक्षर काय आहे हो पोरीचं,” असं काहीतरी पुटपुटले. मग वही मिटली आणि म्हणाले, “तिसरा तास देता का?”

आणि म्हणून ते मंगळवारी एकाच वेळी दहावी ब मध्येही होते आणि नववी अ मध्येही. एक टिकली हलवली की चाळीस हलतात, म्हणतात ते खोटं नाही. मी मोजल्या नाहीत, पण दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी गुंता सुटला तो माझ्याच तासांवर. मधल्या सुट्टीला जोडून मला एक ऑफ होता, म्हणजे मोकळा तास. चहा घेऊन निवांत टेकायचा. अकरा वर्षं मी तो बरोबर त्या जागी बसवत आले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो गेला. नववी अ चं मराठी तिथं आलं, आणि दहावी ब चा पहिला तास रिकामा झाला.

आता तिथं काय ठेवायचं? खेळाचे तास दोन. जलसुरक्षा नावाचा एक विषय असतो, तो एक. पाणी जपून कसं वापरावं हे उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहणाऱ्या मुलांना थोडं कमी ऐकायला मिळालं तरी चालण्यासारखं होतं. उरलेले तीन दिवस मी स्वतः घेतले, नुसत्या वाचनासाठी. गोष्ट मधूनही ऐकता येते. काजल आली की गावातल्या मुली बाकावर सरकून तिला आतापर्यंतची गोष्ट दोन वाक्यांत सांगायच्या, आणि सारांशलेखनाचा तो सराव माझ्या कुठल्याही तासापेक्षा चांगला होता. फाटकातली रांग बंद केली.

नवीन वेळापत्रक लागलं त्या आठवड्यात गावडे सरांनी दहावी ब मध्ये नववीची बीजगणिताची उजळणी घेतली. मी व्हरांड्यातून जात होते. सरांनी फळ्याच्या अगदी वरच्या टोकाला मोठ्या अक्षरात ‘समजा’ लिहिलं आणि खडू ठेवून दिला. “उतरवलं का सगळ्यांनी?” त्यांनी विचारलं. “नाही? मग थांबतो.” मी पुढं गेले, पण फार बरं वाटलं.

या मेमध्ये निकाल लागला. चमत्कार झाला असं सांगायला मला आवडलं असतं. सतरापैकी दोघं राहिले, पण दोघंही इंग्रजीत, आणि इंग्रजीच्या सरांनी आता स्वतःहून माझ्याकडे टिकल्यांची चौकशी केलीय. काजल पॉलिटेक्निकला गेली.

तिचा दाखला न्यायला विशाल आला होता. उंच झालाय, मिशा आल्यात. मी त्याला ऑफिसात बसवलं आणि सरळ सांगितलं, “विशाल, तुझ्या वेळचं वेळापत्रक मीच केलं होतं.”

त्याला काही कळेना. “मग काय झालं, बाई? आमीच उशिरा यायचो की.”

“नाही रे,” मी म्हटलं. “तुम्ही वेळेवरच यायचात. तास लवकर सुरू व्हायचा.”

तो हसला, मग हसायचा थांबला आणि हातातला दाखला टेबलावर ठेवला. “मी आपला समजत व्हतो, आपल्याला ते जमतच नाय,” असं तो म्हणाला.

पुन्हा परीक्षेला बसायचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. तो मी पुढं सरकवला. विशालनं तिथंच बसून भरला, आणि जाताना काजलची दहावीची वही मागून घेईन म्हणाला.

यंदा जूनमध्ये शीट आखायच्या आधी मी पहिलं काम केलं ते म्हणजे मुलांना विचारलं, गाडी किती वाजता येते. पाटीवरची नव्हे, खरी वेळ. अकरा वर्षांत कधीही विचारलं असतं तरी एकच मिनिट लागलं असतं.

विशालला गावडे सर शिकवतात, रविवारी, रिकाम्या दहावी ब मध्ये. तास किती वाजता असतो असं मी सरांना विचारलं.

“वेळ ठरवलेली नाही,” ते म्हणाले. “तो आला की सुरू करतो.”