दुसऱ्या कप्प्यातली माळ

आमच्या भाऊजींइतका शहाणा माणूस अख्ख्या धक्क्यावर दुसरा नव्हता, आणि हे मला दर रविवारी त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावं लागायचं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवत होते. गिऱ्हाइकाने पडद्याची चिंधी आणावी, भिंतीचा ढलपा आणावा, भाऊजी अगदी तोच रंग डब्यात करून देणार. मालक छाती फुगवून सांगायचे, आमच्याकडे नुसता माणूस नाही, डोळा आहे. हा डोळा रविवारी धक्क्यावर यायचा आणि आम्हाला सुखाने जगू द्यायचा नाही.

धक्क्यावरून बांगडा धरायला असं लागतं तरी काय? काठी, दोरा, दोऱ्याला वीत-वीत अंतरावर सहा गळ, प्रत्येक गळाला रंगीत पिसांचा तुरा आणि शेवटी शिशाचं वजन. याला आम्ही माळ म्हणतो. माळ खाली सोडायची आणि वरखाली झुलवत राहायचं. थवा आला तर बांगडा त्या पिसांना बारका मासा समजून तोंड मारतो. नाही आला तर आपण मुकाट घरी जायचं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पिसांवर पैसे घालवायची हौस मला नाही. बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद गळाला गुंडाळून मी टोपलीभर बांगडे धरलेत. बांगडा हा मुळात अक्कल नसलेला मासा. पण त्याच्याहून कमी अकलेची माणसं मी धक्क्यावर पाहिली, ती भाऊजींचं व्याख्यान ऐकायला काठ्या बाजूला ठेवून बसायची.

भाऊजींचं शास्त्र असं. लख्ख ऊन असेल तर निळी माळ, आभाळ भरलेलं असेल तर हिरवी, पाणी गढूळ असेल तर लाल, अगदी सकाळी पांढरी. आधी आभाळाकडे बघायचं, मग पाण्याकडे, मग डोळे मिटून मान हलवायची, मग डबा उघडायचा. एक निवृत्त मास्तर हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे. औषधाच्या दुकानवाल्याने एकदा भीतभीत विचारलं, ढगाळ हवेत लाल लावली तर? भाऊजी म्हणाले, बांगडा हसेल. मासा कुठून हसतो हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्यांचा तो लाकडी डबाही बघण्यासारखा होता. सहा कप्पे, प्रत्येकात एका रंगाच्या माळा. दर शनिवारी ताई त्या माळा सोडवून, पुसून, आपापल्या कप्प्यात लावून द्यायची. दिवसभर शिवणयंत्रावर पाय मारायचे आणि वर नवऱ्याची पिसं आवरायची. एकदा मी बोललो, तर म्हणाली, तुला काय करायचंय, तू तुझ्या पंक्चरी काढ. नवऱ्याचे नखरे तर किती! दुकानातल्या दिव्यात खरा रंग कळत नाही, दिवसाच्या उजेडात बघावा लागतो, असं सांगून रोज दुपारी चिंधी घेऊन घरी जेवायला यायचे. खिडकीपाशी ताट, खिडकीपाशी चिंधी, शेजारी ताई. साधी चिंधी बघायला यांना खिडकी लागायची, याचं मला हसू यायचं.

यंदा मात्र घरात कुणालाच हसू येत नव्हतं. मालकांच्या जावयाने रंग जुळवणाऱ्या यंत्राचं खूळ आणलं होतं. चिंधी समोर धरली की यंत्र रंग ओळखतं आणि कुठला रंग किती घालायचा ते आकड्यात सांगतं. मालक पेचात पडले, यंत्र घ्यावं की डोळ्यावर चालवावं. सोमवारी काय ते सांगतो म्हणाले. यंत्र आलं तर भाऊजी घरी बसणार हे उघड होतं, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? ताईला घास गिळवत नव्हता. आणि भाऊजींनी काय करावं? आदल्याच दिवशी म्हणजे रविवारी मालकांना धक्क्यावर बोलावलं, आपलं शास्त्र दाखवायला.

मला वाटलं, आज यांची खोड मोडायचीच. सकाळी ताई चहा करत होती तेवढ्यात मी डबा उघडला आणि लाल आणि हिरव्या माळांची अदलाबदल केली. माझा हिशोब साधा होता. बाहेर ढग होते, म्हणजे भाऊजी हिरवीसाठी दुसरा कप्पा उघडणार, तिथे लाल दिसणार, मग सगळा डबा उपसत बसणार, आणि मालकांसमोर चार माणसं हसणार. नोकरीच्या वाटेला जायचं माझ्या मनातही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण ताईच्या घरात.

धक्क्यावर आभाळ भरून आलेलं. भाऊजींनी वर बघितलं, खाली बघितलं, मान हलवली. आज हिरवी, असं जाहीर केलं. दुसरा कप्पा उघडला, गडद लाल माळ काढली, शांतपणे दोऱ्याला बांधली आणि मालकांसमोर धरली. म्हणाले, हा हिरवा बघून ठेवा, जून पानाचा हिरवा, असा बाजारात मिळत नाही. मास्तरांची पेन्सिल थांबली.

"अहो," मालक म्हणाले, "ही तर लाल आहे."

भाऊजींनी माळेकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत त्या माणसाचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांना लाल आणि हिरवा यातला फरकच दिसत नव्हता. कधीच दिसत नसणार. दुकानातल्या डब्यांवर नंबर असतात, त्यावर निभत होतं. चिंधी आली की ती दुपारी खिडकीपाशी जायची, आणि ताई सांगायची त्यात किती लाल आणि किती हिरवा ते. मालकांचा तो नावाजलेला डोळा घरी शिवणयंत्रावर बसून होता. आणि मी दीडशहाणा, दर शनिवारी तिला डबा लावताना बघून नाक मुरडत होतो.

मग मी तोंड उघडलं, आणि आयुष्यभर ज्या बडबडीला हसलो तीच केली. "मालक, लाल दिसते ती इथे, वर. चार वाव खोल पाण्यात गेली की हिरवी होते. भाऊजी रंगाचं नाव घेतात ते पाण्यातलं, माशाला दिसतं ते. आपल्या डोळ्यावर जाऊ नका. डोळा फसवतो."

धादांत थाप. पण धक्क्यावरच्या माणसांना थाप जितकी मोठी तितकी पचते. औषधवाल्याने मान डोलावली, मास्तरांनी ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली. आणि नेमका तेव्हाच थवा आला. भाऊजींच्या सहाच्या सहा गळांना बांगडे लागले, मालक लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. माझ्या बिस्किटाच्या कागदालाही सहा लागले होते, तिकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

परतताना भाऊजी पुढे चालत होते. एरवी मला थट्टेने 'मेहुणेबुवा' आणि 'तुम्ही' म्हणणारा माणूस. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "डबा होता तसा लाव. तिला कळू देऊ नकोस." मी मान खाली घालून लावला.

सोमवारी मालकांनी निकाल सांगितला. काल तुमच्या मेहुण्यांनी माझे डोळे उघडले, म्हणाले. तीस वर्षं मी डोळ्यावर दुकान चालवलं, पण डोळा फसवतो हे पटलं. यंत्र मागवलंय. मात्र भाऊजींना त्यांनी काढलं नाही, यंत्रावरच बसवलं. चिंधी ठेवायची, आकडे बघायचे, डबे ओतायचे. पगार तोच. पितळ उघडं पडायची भीती कायमची गेली.

म्हणजे माझ्या थापेने झालं ते बरंच झालं की! महिनाभराने मी छाती पुढे काढून ताईकडे गेलो. दुपारची वेळ होती. डब्यातली अदलाबदल, धक्क्यावरची फजिती, माझी थाप, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आधी चार शिव्या देईल, मग पाठ थोपटेल. तिने शिव्याही दिल्या नाहीत. शिवणयंत्राखालचं कापड बाजूला केलं आणि उठली.

"चिंधी दाखवायची म्हणून रोज दुपारी घरी यायचे," ती म्हणाली. "आता यंत्र सोडून निघता येत नाही. जेवणाचा डबा नेतात."

मग तिने एक ताट वाढलं, खिडकीपाशी ठेवलं आणि मला म्हणाली, "बस. तू तरी जेव."