टीपकागदावरची बाटली

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी तो पाण्याची बाटली गच्च भरायचा, झाकण लावायचा आणि ओट्यावर टीपकागदाचा चौकोनी तुकडा अंथरून तिला त्यावर आडवी निजवायचा. मग मोजे. मग बूट. मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणं. तोवर बाटली तिथे तान्ह्या मुलासारखी पडून असायची. शेवटी तो ती उचलायचा, कागद खिडकीच्या उजेडात धरायचा, "कोरडा आहे," म्हणायचा आणि बाटली पिशवीत घालायचा. कागद पुन्हा खणात.

त्याची बायको दाराशी उभी राहून हे बघायची. सुरुवातीला हसायची, मग काही दिवस चिडायची, आणि पुढे असं झालं की त्याने "कोरडा आहे" म्हटल्याशिवाय तिचाही पाय घराबाहेर पडेना.

तो एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचा. जिना चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर बांधणीची खोली होती. लांबलचक मेज, उत्तरेकडची खिडकी, कोपऱ्यात लोखंडी चाकाचं दाबयंत्र, आणि सगळीकडे खळीचा आणि चामड्याचा एकमेकांत मुरलेला वास. कणा मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं तिथे यायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी धडधाकट होऊन खाली जायची. बाटली येण्याआधी कितीतरी वर्षं या खोलीत प्यायचं पाणी आणायचं नाही असा नियम होता, आणि तो त्याचाच. सगळ्यात जुना कारागीर म्हणून त्याने तो घातला होता आणि सगळ्यांत कडकपणे पाळतही तोच होता. बरोबरचे लोक त्याला 'टीपकागद' म्हणायचे. आधी पाठीमागे, नंतर तोंडावर.

"पण खळीत पाणी असतंच की हो," एखादा नवा माणूस मुद्दाम काडी घालायचा.

"खळीतलं पाणी शहाणं असतं," तो मान वर न करता म्हणायचा. "दिलेल्या जागी बसतं. तुझ्या पेल्यातल्याचा भरवसा कोण देणार?"

आणि अशा माणसाची बायको पोहायला शिकवायची. सार्वजनिक तलावावर अर्धं आयुष्य गेलेलं, खांदे रुंद, केस बाराही महिने ओलसर. लग्न ठरलं तेव्हा त्याची आत्या म्हणाली होती, "एकीचा जन्म पाण्यात, एकाचा पाण्याच्या धाकात. भांडायला तरी कुठे भेटतील बाई हे?" भेटायचे ते स्वयंपाकघरात. हात कोरडे केल्याशिवाय त्याच्या पुस्तकाला हात लावायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवरून त्यांचं जितकं वाजलं तितकं दुसऱ्या कशावरून वाजलं नाही.

त्याला मुतखडा झाला तेव्हा लेकीचं लग्न होऊन ती जवळच राहायला गेली होती. दुखणं असं की माणूस भिंतीला पाठ लावून बसला तो उठेना. खडा निघाला. डॉक्टरबाईंनी समोर बसवून विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी पितो. संध्याकाळी पितो."

"आणि मधे?"

"मधे काम असतं."

नळ तळमजल्यावर होता आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "एक मूत्रपिंड तुमचं आधीच अशक्त आहे. पुन्हा असं झालं तर ते हातचं जाईल. तासातासाला पाणी पोटात गेलंच पाहिजे. कामावर असलात तरी. कामावर असलात तर जास्तच."

परतताना दोघं बसने आली. उतरल्यावर तो बायकोला म्हणाला, "बंद बाटली चालेल. पण तिने माझी परीक्षा पास व्हायला हवी."

परीक्षा म्हणजे टीपकागद. भरलेली बाटली त्यावर आडवी ठेवायची, बऱ्याच वेळाने उचलायची. एवढासा जरी डाग दिसला तरी नापास.

पहिली बाटली बायकोने आणली. साधी, पातळ पत्र्याची, चकचकीत. तिने हौसेने गार पाणी भरलं. थोड्या वेळात बाटलीच्या अंगावर दव जमलं आणि कागदावर ओला पट्टा उठला. "हिला घाम येतो," त्याने निकाल दिला. दुसरी लेकीने आणली. वर दुमडणारी चोच, आत नळी. आडवी करताच चोचीच्या सांध्यातून थेंब टपटपायला लागले. "ही रडते."

"बाबा, एकीला घाम येतो, एक रडते," लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्हाला बाटली हवी आहे की सून?"

तिसरी रुंद तोंडाची होती, कडीच्या झाकणाची. कागद कोरडा राहिला. दोन दिवस त्याने ती नेली आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर आणून ठेवली. "हिची कडी खुळखुळते. शिवताना लक्ष जातं."

"तुम्ही तिथे शिवता की ध्यानाला बसता हो?" बायको म्हणाली, पण मग चपला घालून त्याला घेऊनच भांड्यांच्या दुकानात गेली.

दुकानदार मोठा बोलका होता. फळीवरून एकेक बाटली काढून टिचकी मारून दाखवत होता. "ही घ्या, दुहेरी भिंतीची. मधली हवा काढलेली. आतलं गरम गरम राहणार, गार गार राहणार, आणि बाहेर थेंब धरणार नाही." त्याने ती हातात घेऊन तोलली. लिटरची जड वाटली, अर्ध्याची दुपारपर्यंतही पुरणार नव्हती, मधल्या मापाची घेतली. रंग दिलेली नको म्हणाला, रंगाचा पोपडा निघून पानांत जातो. खिशातली छोटी विजेरी काढून त्याने आतला जोड बघितला. तोंडातून घासायचा ब्रश सहज जातोय, हे बायकोने बघितलं आणि झाकणातली रबरी चकती काढून तिचा वास घेतला. मग त्याने घडी केलेला टीपकागद खिशातून काढला, तेव्हा दुकानदाराचं बोलणं प्रथमच थांबलं.

"काका, पाणीच भरणार आहात ना? की तेजाब?"

बायकोने मागच्या नळावर बाटली भरून आणली, झाकण आवळलं, आणि ती गल्ल्यावर आडवी झाली. इतर गिऱ्हाइकंही थांबून बघायला लागली. कागद कोरडा निघाला.

"उघडून बघा ना एकदा," दुकानदार म्हणाला. "आटे कसे लोण्यासारखे फिरतात."

"तू बघ," तो बायकोला म्हणाला आणि पाकीट काढायला वळला.

त्यानंतर घरात शांतता नांदली. ती सकाळी बाटली भरून झाकण लावायची, तो कागदावर निजवायचा. संध्याकाळी बाटली भरलेली परत यायची. "संपलं, पुन्हा भरून घेतलं," तो म्हणायचा. तिला बरं वाटायचं. एवढे जिने उतरून पाणी भरतोय, म्हणजे माणूस सुधारला.

मग थंडी पडली. त्याचा घसा धरला म्हणून एके सकाळी तिने कढत पाणी भरून दिलं. संध्याकाळी पिशवी रिकामी करताना तिने सहज झाकण फिरवलं, आणि तोंडाशी उबदार वाफ आली. बाटली काठोकाठ होती.

"ग्रंथालयात गरम पाण्याचा नळ बसवला वाटतं?"

तो बुटाची नाडी सोडत होता. नाडी सुटत नव्हती. "आज घाई होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही पाणी उबदारच आलं. दुकानदार बोलला त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

ती चिडली नाही. हात पुसले, खुर्ची ओढली आणि बाटली त्याच्यापुढे ठेवली. "उघडा."

"आत्ता तहान नाही."

"नुसती उघडा."

त्याने डाव्या हाताने बाटली धरली आणि उजव्या हाताची बोटं झाकणावर ठेवली. बोटं मिटली, पण पुरती मिटली नाहीत. मनगट वळलं, झाकण जागचं हललं नाही, बोटं मात्र गुळगुळीत पोलादावरून घसरून आली. त्याने पुन्हा धरलं. या वेळी तिने त्याच्या बोटांचे सांधे बघितले. सुजून गोल झाले होते. रोज याच हातात ती चहाचा कप देत होती, आणि कपाला कान असतो म्हणून तिला काही कळलं नव्हतं.

"तू झाकण लावतेस की शर्यत जिंकतेस?" तो म्हणाला. हसला नाही.

"सैल लावते उद्यापासून."

"सैल लावलं की कागद ओला होतो. करून बघितलंय मी. कडीची होती ना, तीही उघडतच नव्हती."

तिला सगळा पेच दिसला. जे झाकण त्याच्या परीक्षेत पास होत होतं ते त्याच्या हातांना उघडत नव्हतं, आणि जे उघडत होतं ते त्याच्या मेजावर चालत नव्हतं.

"कधीपासून?"

"झालं बरंच. सकाळी बोटं उठतच नाहीत. दुपारी शिवण जमते. धरायला सुई असते, ती घसरत नाही. चामडं तासायच्या सुरीचं मात्र..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"मग शेजारच्या मेजावरच्याला सांगायचं, बाबा रे, एवढं उघडून दे."

"आणि मग?" त्याने वर बघितलं. "ज्याला बाटलीचं झाकण उघडत नाही त्याच्या हातात पणजोबाच्या वयाचं पुस्तक कोण देईल? तू देशील?"

तिने बाटली उचलून ओट्यावर ठेवली. आयुष्यभर तिने भित्र्या लोकांना पाण्यात उतरवलं होतं. काठावर उभ्या माणसाला मागून ढकललं तर तो पुन्हा तलावाकडे फिरकत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. पण आत मूत्रपिंड होतं, आणि ते काठावर थांबून राहणारं नव्हतं. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर ती मुलांच्या तळव्यांना सरावाच्या फळ्या चढवत होती. छोट्या सपाट फळ्या, मागे रबरी पट्टा. हात पट्ट्यात सरकवायचा, मग बोटांनी काही धरून ठेवावं लागत नाही. एक पोरगी म्हणाली, "बाई, माझा पट्टा सैल आहे." बाई पट्ट्याकडे बघतच राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी तिने त्याच्यापुढे बाटली, मेणदोऱ्याचं रीळ आणि चामड्याच्या कात्रणांचा डबा मांडला. "झाकणावरून चामड्याची पट्टी आडवी घ्यायची. हात तिच्याखाली घालायचा. मग बोटांचं काय काम? मनगट फिरवा."

त्याने झाकण हातात घेऊन सगळीकडून चाचपलं. मग तिने डब्यातून एक पट्टी उचलली, ती त्याने परत ठेवली. "ही नको. ही ताणली की लांबते. ती तपकिरी घे." आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्याला आवरणं कठीण झालं. पट्टीची टोकं झाकणाच्या कडेवर दाबून त्यावर दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून, मधे फट नको, गाठ वर नको, आत दडव. दोरा ओढायची ताकद त्याच्या बोटांत नव्हती. ती ओढत होती.

"ओढ. अजून. तलाव ओलांडतेस तशी ओढ."

"तुटेल."

"माझा दोरा आहे. तुटत नाही."

"दोरा तुमचा, पण हात माझा आहे हो!"

लेक दुपारी आली तेव्हा दोघं एका बाटलीवर डोकी जुळवून बसली होती. "काय चाललंय?" तिने विचारलं.

"तुझ्या आईला उमेदवारीवर घेतलंय," तो म्हणाला. "बरी आहे. बडबड जास्त करते."

संध्याकाळी त्याने हात पट्टीखाली सरकवला, मनगट वळवलं. झाकण फिरलं. तो घोटभर पाणी प्यायला, त्याने तसंच मनगटाने झाकण लावलं, आणि बाटली कागदावर निजवली. कागद कोरडा निघाला. त्या दिवसापासून झाकण तोच लावू लागला.

बाटली रिकामी परत यायला लागली. बांधणीच्या खोलीत त्या झाकणाचं फार कौतुक झालं. असं का केलंय, असं शेजारच्या मेजावरच्याने विचारलं, तेव्हा तो पहिल्या दिवशी म्हणाला, "शोभेसाठी." आठवडाभराने त्यानेच आपणहून सांगितलं, "बोटं धरत नाहीत रे माझी." घरी येऊन ही गोष्ट त्याने बायकोला अगदी जाता जाता सांगितली, कांदे संपलेत असं सांगावं तशी. तिने कणीक मळणं थांबवलं नाही. नंतर एकदा तो विभागप्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, सुरीचं काम दुसऱ्या कुणाला द्या, शिवण माझ्याकडे राहू द्या. प्रमुखांनी विचारलं, "एवढंच ना?" त्याला वाटलं होतं, प्रमुख जास्त काहीतरी विचारतील. निवृत्तीपर्यंत खोलीतली बहुतेक शिवण त्याच्या हातून गेली, आणि पणजोबाच्या वयाची पुस्तकंसुद्धा. तासातासाला तो मेजापासून दोन पावलं मागे सरून पाणी प्यायचा. तेवढा नियम त्याने सोडला नाही.

झाकणावरचा दोरा वर्षभरात ढिला पडायचा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी रीळ बाहेर यायचं, तो सांगायचा आणि ती ओढायची. दरवर्षी तो म्हणायचा की मागच्या वर्षीपेक्षा हात सुधारलाय.

मूत्रपिंडाने शेवटपर्यंत साथ दिली. दगा दिला तो छातीने, आणि तोही बऱ्याच वर्षांनी, त्याने भरपूर पाणी पिऊन झाल्यावर. शेवटचे काही आठवडे तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. उशाशी स्टुलावर बायकोने भरून ठेवलेली बाटली, तिच्याखाली टीपकागद. त्या वर्षी दोरा बदलायचा राहून गेला होता. चामड्याची पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती.

त्या दुपारी ती तलावावरून आली. आता ती शिकवत नव्हती, सवयीने दोन फेऱ्या मारून यायची. केस ओलेच होते. तिने हात पुसले आणि पलंगाच्या कडेला बसली. त्याने बाटली उचलली, सुटलेल्या पट्टीकडे बघितलं, आणि झाकणाला हातही न लावता ती तिच्यापुढे धरली.

"घट्ट लावलंयस गं," तो म्हणाला. "उघडून दे जरा."